सात्सुमा की कुतानी? आधी भांडं उलटं करा
तांबड्या-सोनेरी नक्षीने भरलेलं जुनं जपानी भांडं दिसलं की ते सर्रास 'सात्सुमा' म्हणून विकलं जातं. त्यातली बरीच कुतानी निघतात. नक्षीवर विसंबू नका, खरा फरक मातीत आहे.

कुतानी म्हणजे कागा प्रांतातलं, आजच्या इशिकावातलं पोर्सलीन. ते साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे अंग काचेसारखं घट्ट होतं. एकोणिसाव्या शतकात कुतानी शोझा या भांडी रंगवणाऱ्या कारागिराने तांबड्यावर सोन्याचं बारीक काम रूढ केलं आणि गोंधळ तिथूनच वाढला.

सात्सुमाची माती सच्छिद्र, रंग सायीचा. जपानच्या कोरियावरच्या १५९२–९८ च्या स्वाऱ्यांत सात्सुमा प्रांतावर राज्य करणाऱ्या शिमाझू घराण्याने तिथून आणलेल्या कुंभारांनी या प्रांतात, म्हणजे आजच्या कागोशिमाच्या बाजूला, ही कला रुजवली. तिची खूण म्हणजे झिलईतली केसाएवढी बारीक जाळी. भांडं निवताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आक्रसते, ताण सोसत नाही आणि तडकते. रेषा सगळ्या एकसारख्या तपकिरी असतील तर सावध व्हा, चहात बुडवून जुनेपणा आणलेला असू शकतो.

आता तपासणी. बुडाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा: सात्सुमा तो शोषून घेतं, कुतानीवर तो तसाच राहतो. आतून टॉर्च धरा. पातळ पोर्सलीनमधून उजेड झिरपतो, जाडमधून नाही, म्हणून उजेड दिसला नाही एवढ्यावर निकाल देऊ नका. नखाने टिचकी मारली तर पोर्सलीन खणखणतं. पण चीर गेलेलं पोर्सलीनही बद्द वाजतं, तेव्हा आधी चीर शोधा.

शिक्क्यांचं म्हणाल तर वर्तुळातला क्रॉस हे शिमाझूंचं चिन्ह, पण क्योतो-ओसाकातल्या भांड्यांवरही ते सर्रास आढळतं. ओसाकाचे याबू मेइझान तर कोरी भांडी सात्सुमातून मागवून आपल्या कारखान्यात रंगवून घेत, आणि त्यांचं काम अव्वल दर्जाचं आहे. 'रॉयल सात्सुमा' असा इंग्रजी शिक्का मात्र जुन्या भांड्याचा नव्हे.

दोन्हींवरचं सोनं झिलईच्या वर, कमी आचेवर बसवलेलं असतं. घासणीने ते निघतं. कुतानी कोमट पाण्यात मऊ फडक्याने धुता येईल. सात्सुमा पाण्यात भिजत ठेवू नका. जाळीतून पाणी आत शिरतं आणि मागे राहिलेला डाग सहसा निघत नाही.