सरगोधा हवाई हल्ला, १९६५

सरगोधा हवाई हल्ला : भारत-पाकिस्तान युद्धात ७ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय हवाई दलाच्या मिस्टेअर व हंटर विमानांनी पश्चिम पंजाबातील सरगोधा तळावर व त्याच्या उपतळांवर (छोटा सरगोधा, भागटांवाला इ.) पहाटेपासून केलेल्या हल्ल्यांची मालिका. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोट, आदमपूर व हलवारा येथे केलेल्या हल्ल्यांचे हे प्रत्युत्तर होते. लष्करी परिणामापेक्षा, त्यात परत न आलेल्या वैमानिकांचे काय झाले आणि कोणी किती विमाने पाडली, या प्रश्नांमुळेच तो अधिक चर्चिला गेला.

पहिली लाट आदमपूरच्या क्र. १ स्क्वाड्रनच्या मिस्टेअर विमानांची होती. विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या नेतृत्वाखाली बारा विमानांची योजना होती आणि जोडीला राखीव विमाने तयार ठेवली होती. आदमपूर-सरगोधा अंतर सरळ रेषेत सु. ३०० किमी. आहे. रडार टाळण्यासाठी जमिनीलगत उडायचे तर इंधन झपाट्याने खर्च होते. त्यामुळे लक्ष्यावर एकच फेरी मारून सरळ घरी परतायचे, वाटेत कुणाशी झुंजायचे नाही, असाच हिशोब होता. ही बाब पुढे दिलेले देवय्या प्रकरण समजून घेताना महत्त्वाची ठरते.

राखीव वैमानिकांपैकी स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या ऐनवेळी मोहिमेत सामील झाले आणि परतले नाहीत. त्यांचा शेवट पाहिलेला सहकारी नव्हता. पथकाच्या नोंदीत ते बेपत्ता राहिले आणि पुढे मृत मानले गेले. पाकिस्तानी बाजूस मात्र त्याच सकाळी एक स्टारफायटर लढाऊ विमान गमावल्याची नोंद होती. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी एका मिस्टेअरवर क्षेपणास्त्र सोडले, मग २० मिमी. व्हल्कन तोफेने मारा केला आणि नंतर त्यांना स्वतःलाच विमान सोडून उडी घ्यावी लागली. काही लेखनात स्टारफायटर फुटलेल्या मिस्टेअरच्या अवशेषांना धडकल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या मतानुसार, मार बसलेल्या मिस्टेअरने वळून झुंज दिली आणि आपल्या ३० मिमी. तोफांनी स्टारफायटर निकामी केले. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या साहाय्याने लिहिलेल्या इतिहासात ही चकमक आल्यावर भारतात दोन नोंदी जुळवता आल्या. त्या लाटेतील परत न आलेले मिस्टेअर एकच असल्याने वैमानिकाच्या ओळखीबद्दल संशयाला जागा उरली नाही. दुसरे मत आता बहुतांशी ग्राह्य धरले जाते. तनेजांनीही पाठपुरावा केला आणि देवय्यांना १९८८ मध्ये मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. त्यांचा मृतदेह स्थानिक गावकऱ्यांनी पुरला, असे सांगतात.

हंटर विमानांचा वाद वेगळ्या प्रकारचा आहे. हलवाऱ्याहून क्र. ७ स्क्वाड्रनची तुकडी विंग कमांडर झकारिया यांच्या आणि क्र. २७ स्क्वाड्रनची तुकडी स्क्वाड्रन लीडर डी. एस. जोग यांच्या नेतृत्वाखाली गेली. पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांनी पाच हंटर पाडल्याचा आणि त्यांपैकी चार सु. ३० सेकंदांत पाडल्याचा दावा केला. भारतीय नोंदींनुसार त्या सकाळच्या मोहिमांत हलवाऱ्याची तीन हंटर परतली नाहीत. क्र. ७ चे स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत व फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार मृत्यू पावले, तर क्र. २७ चे स्क्वाड्रन लीडर ओ. एन. कक्कर उडी घेऊन युद्धकैदी झाले आणि १९६६ च्या सुरुवातीस परतले. पहिल्या हंटरचा वैमानिक बाहेर पडला, असे आलम यांचे म्हणणे असल्याने तो वैमानिक म्हणजे कक्कर, असे पाकिस्तानी लेखनात धरले जाते. पण कक्कर वेगळ्या तुकडीत होते आणि त्यांचे विमान शत्रूच्या माऱ्याने पडले की यांत्रिक बिघाडाने, याबद्दल एकमत नाही. पाचाचा आकडा पाकिस्तानी हवाई दलाच्या काही निवृत्त अधिकाऱ्यांनीही पुढे प्रश्नांकित केला. आदल्या दिवशी तरणतारणजवळ मृत्यू पावलेले क्र. ७ चेच स्क्वाड्रन लीडर ए. के. रॉली या हिशोबात धरू नयेत.

अशा मोहिमेचा अभ्यास दाव्यांपासून सुरू केला, की आकडे फुगतात. आधी गमावणाऱ्या बाजूची यादी हवी. त्यासाठी स्क्वाड्रनची दैनंदिन नोंदवही (फॉर्म ५४०), वैमानिकांच्या लॉगबुका आणि शेपटीवरील क्रमांक (हंटर ‘बीए’, मिस्टेअर ‘आयए’) पाहावेत. त्यानंतर त्या यादीशी शत्रूचे दावे वेळ व स्थळानुसार लावून पाहावेत. येथे नेहमी चुकते ते घड्याळ. पश्चिम पाकिस्तानची प्रमाणवेळ भारताच्या अर्धा तास मागे होती. तो फरक विसरला, तर एकच झुंज दोन ठरते किंवा दोन वेगळ्या तुकड्या एक होतात. तोफेसोबत चालणाऱ्या कॅमेऱ्याची फीतही जपून वापरावी. चाप सुटला, की चित्रण थांबते. म्हणून तीत गोळी लागलेली दिसते, पण विमान पडलेले सहसा दिसत नाही. पहाटेच्या अंधूक उजेडात तर तेवढेही स्पष्ट नसते. अवशेष मिळाले, तर छिद्रांचा व्यास उपयोगी पडतो. सेबरच्या सहा मशीनगन १२.७ मिमी. च्या होत्या, स्टारफायटरची तोफ २० मिमी. ची. जमिनीवरील विमानवेधी तोफांच्या कवचांचे तुकडे मात्र या फरकात घोळ घालतात. उत्क्षेपक आसन (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे) अवशेषांतच सापडले, तर वैमानिक बाहेर पडला नसावा, एवढे अनुमान बरेचसे सुरक्षित असते.

जमिनीवरील हानीबद्दल दोन्ही देशांचे आकडे जुळत नाहीत, पण तळ निकामी झाला नाही, हे स्पष्ट आहे. भारतीय संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये संकलित केलेला युद्धवृत्तांत उपलब्ध आहे. पाकिस्तानी मूळ नोंदी मात्र बव्हंशी दुय्यम लेखनातूनच हाती येतात. पाकिस्तानात ७ सप्टेंबर हा हवाई दल दिन म्हणून पाळला जातो. अमजद हुसेन पुढे डिसेंबर १९७१ मध्ये अमृतसरवरील हल्ल्यात विमानवेधी माऱ्याने पाडले जाऊन भारताचे युद्धकैदी झाले. सरगोध्यावर दिवसाउजेडी असे मोठे हल्ले १९६५ च्या युद्धात पुन्हा झाले नाहीत. पुढचा भार प्रामुख्याने रात्री उडणाऱ्या कॅनबेरा विमानांवर आला.