ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमातलं मानसशास्त्र

पोस्टर, लोगो, पुस्तकाचं पान, ॲपची स्क्रीन असं काहीही बघताना माणसाचा डोळा आणि मेंदू नेमकं काय करतात, हे डिझाइनच्या विद्यार्थ्याला जेवढं शिकावं लागतं तेवढा हा विषय. बऱ्याच ठिकाणी या नावाचा वेगळा पेपर नसतो, असला तर एखाद्या सेमिस्टरपुरता, पण फाउंडेशनच्या वर्षातल्या जवळजवळ प्रत्येक असाइनमेंटच्या पोटात तो असतोच. चार काळे चौकोन पांढऱ्या कागदावर असे मांडा की 'गर्दी' वाटली पाहिजे, आता तेच चौकोन असे मांडा की 'ताण' वाटला पाहिजे, एकच मजकूर एकाच फॉन्टमध्ये एकाच साइजमध्ये फक्त जागा बदलून मांडून दाखवा, असली सबमिशन्स आली की मुलांना वाटतं हे काय बालवाडीचं काम लावलंय, सॉफ्टवेअर कधी शिकवणार. पण यातले कितीतरी एक्सरसाइज म्हणजे मुळात बघण्यावरचे प्रयोगच आहेत, फक्त कात्री आणि गोंद घेऊन केलेले.

हे आलं कुठून

दोन धागे आहेत आणि दोन्ही जर्मनीतले. पहिला मानसशास्त्राचा. माक्स वेर्टहायमर यांनी 1912 मध्ये आभासी हालचालीवर निबंध लिहिला, म्हणजे दोन रेषा ठरावीक अंतराने एकामागोमाग दाखवल्या की एकच रेषा सरकल्यासारखी दिसते ती गोष्ट, आणि या प्रयोगात त्यांच्यासमोर बसून बघायचं काम करणाऱ्यांत होते वोल्फगांग क्योलर आणि कुर्ट कोफ्का. या तिघांपासून पुढे गेश्टाल्ट विचारधारा उभी राहिली (गेश्टाल्ट म्हणजे सुट्या भागांऐवजी एकसंध दिसणारा आकार). 1923 मध्ये वेर्टहायमर यांचा दुसरा निबंध आला, त्यात नुसते ठिपके आणि रेघा मांडून त्यांनी दाखवलं की डोळा सुट्या वस्तू सुट्या बघतच नाही, तो आधी गट करतो. त्यातल्या ठिपक्यांच्या ओळी आजही जवळपास तशाच्या तशा पहिल्या वर्षाच्या स्लाइड्सवर दिसतात.

दुसरा धागा बाउहाउसचा. 1919 मध्ये वायमारला वाल्टर ग्रोपियस यांनी ही कला आणि डिझाइनची शाळा काढली, योहानेस इटेन यांनी तिथला प्राथमिक कोर्स बसवला आणि आपण आज ज्याला फाउंडेशन म्हणतो त्याचा सांगाडा बराचसा तिथून आलेला आहे. शेवटच्या काही वर्षांत तर तिथे गेश्टाल्ट मानसशास्त्रावर व्याख्यानंही झाली. 1933 मध्ये नाझींच्या दबावाखाली शाळा बंद पडली, शिक्षक पांगले, योझेफ आल्बर्स अमेरिकेत गेले आणि हे एक्सरसाइज सोबत घेऊन गेले. वेर्टहायमर आणि क्योलर यांच्याकडे बर्लिनमध्ये शिकलेले रुडोल्फ आर्नहाइमही तिकडे पोचले, आणि 1954 मध्ये त्यांनी कला आणि दृश्य-आकलन यावर जे पुस्तक लिहिलं त्यातून हा सगळा माल कलाशाळांच्या भाषेत आला.

डोळा गट कसे करतो

जवळ असलेलं एकत्र दिसतं, सारखं दिसणारं एकत्र दिसतं, एका रेषेच्या ओघात असलेलं एकत्र दिसतं, एका चौकटीत असलेलं एकत्र दिसतं (हे शेवटचं बरंच उशिरा, 1992 मध्ये स्टीफन पामर यांनी मांडलं), आणि तुटक आकार मन स्वतःच पुरा करून घेतं. यादी पाठ करायला पाच मिनिटं लागतात, पण लेआउटमध्ये ती वापरता यायला वर्ष जातं. कारण हे गट बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप होतात, त्याला विचारून होत नाहीत, आणि तुम्ही केलेला गट आणि त्याच्या डोळ्याने केलेला गट वेगळा निघाला तर दरवेळी त्याचाच खरा.

याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण म्हणजे 2000 सालच्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका, जिला बटरफ्लाय बॅलट म्हणतात. मतदारांत वयस्कर लोक बरेच, त्यांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी घेतली, त्यामुळे उमेदवार एका पानावर मावेनात, मग नावं डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन पानांवर गेली आणि मत म्हणून भोक पाडायची जागा मात्र मधोमध एकाच उभ्या ओळीत राहिली. मुख्य लढत बुश आणि गोर यांच्यात. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. माणूस डावी यादी वरून खाली वाचतो, दुसरं नाव म्हणजे दुसरं भोक असं धरतो, पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं, गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत 3,407 मतं पडली, आजूबाजूचा कल बघता ही फारच जास्त होती, आणि नंतर राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा यातली 2,000 हून जास्त मतं गोर यांना द्यायची होती असा निष्कर्ष निघाला. बुश यांनी फ्लोरिडा जिंकलं 537 मतांनी, आणि त्यावरच अध्यक्षपद ठरलं. बाण काढलेले होते, नंबर छापलेले होते, अक्षरही मोठं आणि वाचायला सोपं होतं, म्हणजे एकेक गोष्ट सुटी घेऊन तपासली तर पास. गट चुकला होता. हे उदाहरण मला म्हणून आवडतं की इथे हेतूत खोट काढता येत नाही, मोठी अक्षरं घेणं हा चांगलाच विचार होता.

आकार आणि पार्श्वभूमी हा यातलाच पुढचा पाठ. 1915 मध्ये डेन्मार्कच्या एडगर रुबिन यांनी फुलदाणी आणि दोन चेहरे हे चित्र वापरून दाखवलं की एका वेळी मन एकालाच 'वस्तू' मानतं, उरलेलं मागे जातं. लोगोच्या असाइनमेंटला व्हाइट स्पेस व्हाइट स्पेस (म्हणजे मोकळी जागा) म्हणून जे सारखं कानावर पडतं ते यासाठी. 1994 मध्ये लिंडन लीडर यांनी केलेल्या फेडएक्सच्या लोगोत शेवटच्या दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बाण आहे, कितीतरी लोकांना तो वर्षानुवर्षं दिसत नाही, पण एकदा दिसला की परत न दिसणं शक्य नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या लोगोतल्या पांडाला डोक्याच्या वर आणि पाठीला बाहेरची रेघच नाही, ती आपण ओढतो. मुलं हे बघून आपापल्या लोगोत काहीतरी लपवायला धावतात आणि मग दोन महिने प्रत्येक सबमिशनमध्ये लपलेला पक्षी असतो, पण ते होऊ द्यावं, त्याशिवाय हात बसत नाही.

रंग: अर्धा पक्का, अर्धा ऐकीव

पक्का भाग आधी. मिशेल शेवरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभाग बघायचे, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय. त्यांनी तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. यावर 1839 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. आल्बर्स यांचा प्रसिद्ध एक्सरसाइज थेट इथेच जातो: एकाच रंगाचे दोन तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असे ठेवा की ते दोन वेगळे रंग वाटले पाहिजेत, मग उलटं करा, दोन वेगळे रंग एकच वाटले पाहिजेत. हा कागद कापूनच करावा. स्क्रीनवर केला तर विद्यार्थी रंगाचा कोड बघून उत्तर शोधतो आणि डोळ्याला काही कामच उरत नाही.

आता ऐकीव भाग. लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, पिवळा म्हणजे आनंद असले तक्ते प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतात आणि खरं सांगायचं तर ते काढून टाकले तरी काही बिघडत नाही. रंगाचा अर्थ संदर्भाने बदलतो, वस्तू कुठली, बघणारा कोण, बाजूला काय आहे यावर ठरतो. बाउहाउसमध्येही हा मोह होताच, 1923 मध्ये तिथे शिकवणारे चित्रकार कांडिन्स्की यांनी प्रश्नावली फिरवली, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांना लाल, पिवळा, निळा यातला कुठला रंग शोभतो, आणि त्यांचं स्वतःचं उत्तर होतं त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं. पुढे इतरांवर तीच चाचणी घेतली तर तशी एकवाक्यता काही दिसली नाही. सुवर्ण गुणोत्तराचीही (साधारण 1:1.618 हे माप) तीच गत, जर्मन मानसशास्त्रज्ञ फेख्नर यांनी 1870 च्या दशकात आयतांवर प्रयोग केले, त्यांना त्या मापाचा आयत लोकांना जास्त आवडलेला दिसला, नंतरच्यांना कधी दिसला कधी नाही, पण तयार झालेल्या लोगोवर वर्तुळं काढून तो 'सिद्ध' करायची फॅशन अजून जोरात आहे.

वाचणं आणि लक्षात राहणं

वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, तो उड्या मारतो आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो. ओळ फार लांब असली की परत पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना तो चुकतो, म्हणून रोमन लिपीच्या पुस्तकांत ओळीला साधारण 45 ते 75 अक्षरं असा अंदाज सांगितला जातो. देवनागरीला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत, इथे वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर जास्तच लागतं.

जॉर्ज मिलर यांचा 1956 चा 'सात, दोन इकडे-तिकडे' हा आकडा डिझाइनच्या वर्गात फार छळतो, मेन्यूत सातच पर्याय ठेवा म्हणे. मिलर बोलत होते ते तात्पुरत्या स्मृतीबद्दल, आणि मेन्यू तर डोळ्यासमोर असतो, तो लक्षात ठेवायचाच नसतो. शिवाय 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणून ठेवला. त्यापेक्षा कामाची गोष्ट हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांची, 1933 सालची: एकसारख्या गोष्टींमध्ये जी वेगळी ती लक्षात राहते. याचाच अर्थ असाही की पोस्टरवर पाच गोष्टी ठळक केल्या तर एकही वेगळी राहत नाही, आणि क्रिटला, म्हणजे वर्गात एकमेकांच्या कामावर होणाऱ्या चर्चेला, 'हायरार्की कुठाय' (आधी काय दिसायचं, नंतर काय) हा प्रश्न येतो तो इथून.

सुंदर दिसणं आणि वापरायला सोपं असणं यांचंही एक नातं आहे. जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा यांनी 1995 मध्ये एटीएमच्या स्क्रीनचे 26 लेआउट लोकांना दाखवले, लोकांना जे सुंदर वाटले तेच सोपेही वाटले, प्रत्यक्षात ते सोपे होते का याच्याशी त्या मताचा संबंध कमीच. 2006 च्या एका प्रयोगात वेबपेज फक्त 50 मिलिसेकंद दाखवलं तरी ते आवडलं की नाही हे मत तयार झालेलं होतं, आणि जास्त वेळ बघून दिलेल्या मताशी ते बरंच जुळत होतं.

विद्यार्थ्याचं स्वतःचं डोकं

हा भाग अभ्यासक्रमात सगळ्यात कमी शिकवला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लागतो. बघणाऱ्याच्या मेंदूत जे घडतं ते डिझायनरच्याही मेंदूत घडतंच की. रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार बघितली तरी ती जास्त आवडायला लागते. आता रात्रभर एकच लेआउट समोर ठेवून बसलेल्या मुलाचं काय होत असेल बघा, पहाटेपर्यंत त्याला तो लेआउट आवडणारच, आणि त्याला वाटतं आपण तो सुधारला म्हणून चांगला दिसतोय.

दुसरी अडचण म्हणजे माहिती असण्याची. 1990 मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्डला केलेल्या प्रयोगात एकाने टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्याचा ताल वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं, वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखली जातील, ओळखली गेली 120 पैकी 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. आपल्या आयकॉनचा अर्थ आपल्याला स्वच्छ दिसतो तो असाच. म्हणून चांगल्या क्रिटमध्ये विद्यार्थ्याला आधी बोलू देत नाहीत, काम भिंतीवर लावायचं, बाकीच्यांनी सांगायचं की पहिल्यांदा काय दिसलं, मग काय दिसलं, हे काय सांगतंय असं वाटतं, आणि ज्याचं काम तो गप्प. फार अवघड जातं ते. 'त्यामागची कन्सेप्ट अशी आहे की' हे वाक्य तोंडात येतंच.

तिसरी गोष्ट थंबनेलची. पन्नास छोटे स्केच काढून आणा म्हटलं की वर्ग कण्हतो. 1991 मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांना कामाआधी एक नमुना दाखवला, तर त्या नमुन्यातल्या चुकासुद्धा त्यांच्या डिझाइनमध्ये उतरल्या, अगदी त्या टाळा असं सांगितलेलं असूनही. ब्रीफ (काय करायचं याची लेखी मागणी) हातात पडल्यापडल्या नेटवर रेफरन्स शोधायला बसलं की हेच होतं, पहिल्या वीस इमेजेस डोक्यात बसतात आणि नंतर जे सुचतं ते त्यांच्याच कुंपणात. आधी स्केच, मग रेफरन्स, असा उलटा क्रम काही शिक्षक मुद्दाम लावतात.

सबमिशनच्या आधीच्या तपासण्या

डोळे बारीक करून बघायचं, धूसर झाल्यावरही जे उठून दिसतं तेच लोकांना पहिल्यांदा दिसणार. उलटं टांगून बघायचं, म्हणजे वाचता येत नाही आणि नुसतं वजन कळतं. दुसऱ्या दिवशी बघायचं, वेळ असेल तर. आणि काळं-पांढरं करून बघायचं, कारण रंग काढला की कॉन्ट्रास्टचं पितळ उघडं पडतं. सगळ्यांना वाचता यावं यासाठीच्या वेबच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 आणि मोठ्या अक्षराला 3:1 असा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) मागितलेला आहे, आणि राखाडीवर फिकट राखाडी हे विद्यार्थ्यांचं जे लाडकं आहे ते बहुतेक वेळा यात नापास होतं. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 12 मध्ये 1 असतात, बायकांत हे प्रमाण फारच कमी, म्हणून नकाशात किंवा तक्त्यात नुसत्या रंगावर भरवसा न ठेवता सोबत लेबल, आकार किंवा रेघांचा पॅटर्न द्यावा लागतो.