पांढरा सेनापती: स्कोबेलेव्हच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मॉस्कोत एकोणिसाव्या शतकातला रशियन जनरल मिखाईल स्कोबेलेव्ह याचा पुतळा १९१२ मध्ये उभा राहिला. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी तो पाडला, आणि २०१४ मध्ये त्याच शहरात दुसरा बसवला गेला. बल्गेरियातल्या प्लेवेनमध्ये त्याच्या नावाची मोठी बाग आहे. तुर्कमेनिस्तानात मात्र त्यानं घेतलेल्या किल्ल्यातल्या मृतांसाठी १२ जानेवारी हा स्मृतिदिन बरीच वर्षं पाळला जात होता. एकाच माणसाबद्दल इतकी टोकाची मतं का, हे त्याच्या कारकिर्दीचा क्रम पाहिला की कळतं. आशियात तो जे शिकला तेच घेऊन युरोपात गेला, आणि युरोपात मिळालेली कीर्ती घेऊन पुन्हा आशियात परतला.

जन्म १८४३ चा, पीटर्सबर्गचा. आजोबा आणि वडील दोघेही जनरल. काही शिक्षण पॅरिसमध्ये, मग पीटर्सबर्ग विद्यापीठ. तिथे विद्यार्थ्यांची गडबड होऊन वर्ग बंद पडले, तेव्हा गडी घोडदळात शिरला. पोलंडच्या उठावात थोडी लढाई पाहिली, जनरल स्टाफची अकादमी केली आणि १८६८ मध्ये मध्य आशियातल्या रशियन तुर्कस्तान प्रांतात रवाना झाला. नाव काढायला उतावीळ असलेल्या तरुण अधिकाऱ्यांना तेव्हा तोच मुलूख खुणावत होता.

मध्य आशियातल्या खीवाच्या खानावर निघालेल्या १८७३ च्या मोहिमेत तो कर्नल लोमाकिनच्या तुकडीबरोबर होता. मोहीम संपल्यावर तो तुर्कमेनी वेष करून वाळवंटात शिरला, आणि दुसरी एक रशियन तुकडी ज्या वाटेनं खीवापर्यंत पोचूच शकली नव्हती, ती वाट तपासून आला. सेंट जॉर्जचा क्रॉस मिळाला तो या टेहळणीसाठी. लोमाकिनचं नाव लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे.

खरी चढती कमान सुरू झाली मध्य आशियातल्याच कोकंदला. १८७५ मध्ये तिथल्या खानाविरुद्ध बंड उठलं आणि रशियन फौज आत घुसली. स्कोबेलेव्हनं अंदिजान तोफांनी भाजून काढलं, आणि बंडाचा म्होरक्या पुलात बेग मार्गिलानमध्ये फासावर गेला. पण अलाई डोंगरातल्या किरगिझांची पुढारी कुरमनजान दातका हिच्याशी त्यानं मानानं बोलणी केली आणि तो भाग शांत केला. आज किर्गिझस्तानच्या ५० सोमच्या नोटेवर तिचं चित्र आहे. कोकंदची खानत १८७६ मध्ये खालसा होऊन फरगाना प्रांत झाला, आणि बत्तिसाव्या वर्षी स्कोबेलेव्ह त्याचा पहिला लष्करी गव्हर्नर. त्यानं वसवलेल्या नव्या मार्गिलानला पुढे १९०७ ते १९२४ त्याचंच नाव होतं. आज ते फरगाना शहर.

इतक्या झपाट्यानं वर गेलेल्या माणसाला वैरी मिळतातच. त्याच्याविरुद्धच्या कागाळ्या राजधानीत पोचल्या. १८७७ मध्ये तुर्कांशी युद्ध पेटलं तेव्हा हा जनरल डॅन्यूबकाठी आला, पण त्याच्या हातात धड फौज नव्हती. सुरुवातीला तो वडिलांच्याच कोसॅक डिव्हिजनमध्ये चीफ ऑफ स्टाफ होता. याची पदकं आशियातल्या झगेवाल्यांना हरवून मिळवलेली, असं जुने सेनानी हिणवत.

ती तोंडं बल्गेरियातल्या लोव्हेच आणि प्लेव्हना (आजचं प्लेवेन) इथे बंद झाली. ११ सप्टेंबर १८७७ ला प्लेव्हनावरच्या तिसऱ्या हल्ल्यात त्यानं दक्षिणेकडचे दोन बुरूज घेतले आणि जवळपास एक दिवस धरून ठेवले. कुमक मागितली, ती आलीच नाही. तुर्की सेनापती उस्मान पाशानं बुरूज परत जिंकले. म्हणजे त्याची सगळ्यात गाजलेली लढाई हा पराभव होता. पांढरा गणवेश, पांढरा घोडा आणि कायम आघाडीवर, हा देखावा तो जाणूनबुजून करत असे. पण नुसत्या देखाव्यावर फौज जीव टाकत नाही. हिवाळ्यात बाल्कन पर्वत ओलांडताना त्यानं प्रत्येक शिपायाला एकेक ओंडका बरोबर घ्यायला लावला, कारण वर जळण मिळणार नव्हतं. जानेवारी १८७८ मध्ये शेइनोव्होला तुर्की फौज शरण आली. तिथेही पहिल्या दिवशी तो वेळेवर न उतरल्यानं दुसऱ्या तुकडीला एकटीनं मार खावा लागला, अशी टीका झालीच.

१८७९ मध्ये लोमाकिन, आता जनरल, तेके टोळीच्या तुर्कमेनांच्या गोक तेपे किल्ल्यावर चालून गेला आणि सपाटून हरला. हा डाग पुसायला स्कोबेलेव्हला धाडलं. त्यानं घाई केली नाही. कॅस्पियन किनाऱ्यापासून लोहमार्ग टाकायला घेतला, दाणागोटा साठवला आणि मगच वेढा घातला. (पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ ला निघाला, तेव्हा हा वेढा चालू होता.) २४ जानेवारीला, म्हणजे जुन्या रशियन पंचांगाच्या १२ तारखेला, सुरुंगानं मातीचा तट उडवला आणि फौज आत शिरली. आत लढवय्यांबरोबर त्यांची बायकामुलंही होती. रशियनांच्याच आकड्यांप्रमाणे किल्ल्यात साडेसहा हजार प्रेतं सापडली, आणि पळणाऱ्यांच्या पाठलागात सुमारे आठ हजार माणसं मारली गेली, त्यात बायका आणि मुलंही. आशियात जितकी जबर कत्तल करावी तितकी शांतता जास्त टिकते, हे तत्त्व त्यानं इंग्रज पत्रकार चार्ल्स मार्व्हिनला उघडपणे सांगितलं. याला रागाच्या भरात घडलेली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

हिंदुस्थानचा विचारही त्याच्या डोक्यात होता. जानेवारी १८७७ च्या एका पत्रात त्यानं आशियाई घोडदळाच्या झुंडी हिंदुस्थानवर सोडून तैमूरचा काळ परत आणण्याची कल्पना मांडली होती. मार्व्हिनला मात्र त्यानं अशी स्वारी किती अवघड आहे तेच ऐकवलं.

१८८२ मध्ये पॅरिसमध्ये सर्बियन विद्यार्थ्यांपुढे जर्मनांविरुद्ध बोलून त्यानं परराष्ट्र खात्याची पंचाईत केली, आणि झारनं त्याला परत बोलावलं. त्याच वर्षी ७ जुलैला, अडतिसाव्या वर्षी, मॉस्कोच्या एका हॉटेलात एका वारांगनेच्या खोलीत तो मेला. अधिकृत कारण हृदय बंद पडल्याचं. विषाच्या वावड्या लगेच उठल्या आणि अजून थांबलेल्या नाहीत.

त्यानं सुरू करवलेला लोहमार्ग १८८५ मध्ये अश्गाबादला पोचला. १८८८ मध्ये त्या मार्गानं प्रवास केलेल्या कर्झननं, म्हणजे पुढच्या व्हाइसरॉयनं, लिहून ठेवलंय की उद्घाटनाला लष्करी बँड वाजू लागताच तुर्कमेनी बायकामुलांनी आक्रोश केला. गोक तेपेवर हल्ला झाला तेव्हाही असंच संगीत वाजत होतं. १८८४ मध्ये तुर्कमेनांचं मर्व्ह लढाईविनाच रशियाच्या हाती आलं. पुढच्या वर्षी अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेहला रशियन आणि अफगाण भिडले, युद्ध होता होता टळलं, आणि इंग्रजांनी क्वेट्ट्याचा रखडलेला लोहमार्ग घाईनं रेटत १८८७ मध्ये पुरा केला.