वस्तीच्या गाडीचा खर्च कुणाच्या खात्यावर?

संध्याकाळी शेवटच्या वाडीत येऊन थांबायचं, चालक-वाहकांनी तिथेच पाठ टेकायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन तालुक्याला जायचं, ही एसटीची वस्तीची गाडी. येताना बऱ्याचदा निम्मी रिकामी. आगारात तिचं भारमान, म्हणजे किती जागा भरल्या याचं प्रमाण, काढलं की ती नापास ठरते. 'कमी भारमानामुळे फेरी बंद' हे वाक्य कोकणातल्या कुठल्या गावाने ऐकलं नाही?

अशी गाडी चालवायची की बंद करायची, या भांडणाचं मूळ जुनं आहे. आधी कोकणाची वाट समुद्रातून होती. आगबोटी खासगी कंपन्यांच्या, आणि पावसाळ्यात बहुतेक बंदरं बंदच. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 1 जून 1948 ला, पुणे ते अहमदनगर पहिली सरकारी एसटी धावली. मग घाट उतरून लाल गाड्या खाडीच्या टोकापर्यंत पोचल्या.

गोम आहे ती 1950 च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्यात. त्याचं 22 वं कलम सांगतं, महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा. एसटीचं ब्रीद मात्र 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय', आणि घोषणा 'गाव तिथे एसटी'. धंदा करा म्हणायचं, वर तोट्याच्या वाडीतही जा म्हणायचं. त्यात तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा एसटीची गरज संपेल असं काहींना वाटलं. पण दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला यांच्या वाट्याला रुळ आलेच नाहीत. मुंबईचा चाकरमानी कुडाळला उतरला तरी मालवणला जायला गाडी लागतेच.

2021-22 च्या लांबलेल्या संपात एसटी कर्मचाऱ्यांनी महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण मागितलं. पगाराचा प्रश्न होताच, पण हा धंदा की सरकारी सेवा, हेही त्यात होतं. नंतर 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देतं, म्हणजे सेवेचे पैसे तिजोरीतून द्यावे लागतात हे तत्त्व मान्य झालंय. मात्र ती भरपाई प्रवाशामागे आहे. वाडीकडे निम्म्या रिकाम्या जाणाऱ्या गाडीत त्या रिकाम्या जागांवर सवलत घ्यायलाच कुणी नसतं. तिचं डिझेल महामंडळाच्या तोट्यात जातं.