सेल संपलाय की डिस्क जातेय?

जुना कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या स्क्रीनवर दोन-चार ओळी येतात आणि खाली एफ१ दाबायला सांगितलेलं असतं. एफ१ दाबलं की विंडोज उघडतं, म्हणून वरच्या ओळी वाचायच्या राहून जातात. त्या वाचाच, कारण तिथे दोन अगदी निराळ्या तक्रारी असू शकतात. एकीत ‘सीमॉस’, ‘चेकसम’, ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असे शब्द असतात. दुसरीत ‘स्मार्ट’ आणि ‘बॅकअप अँड रिप्लेस’. पहिलीला आठवडाभर थांबवलं तरी चालतं. दुसरीला एक दिवसही नाही.

पहिलीत मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) नाण्याएवढा सेल उतरलेला असतो. बहुतेक वेळा तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग्जही जपायच्या, एवढंच त्याचं काम. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि नेहमीच्या वेबसाइटही ‘असुरक्षित’ दिसू लागतात, कारण त्या तारखेला त्यांचं प्रमाणपत्र लागूच झालेलं नसतं. भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवल्यावरच तारीख चुकत असेल, तर दोष सेलचाच समजा. प्लग काढून सेल बदला, बायोसमध्ये तारीख लावून सेव्ह करा.

मात्र काम करता करता मशीन हँग होतं, ते या सेलमुळे नाही. इथेच गल्लत होते. सेल बदलल्यावर इशारा जातो, हँग होणं तसंच राहतं, आणि मग विंडोज पुन्हा टाकायचा सल्ला मिळतो.

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा डिस्कवरचा छोटासा तुकडा, खराब झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून बघते. त्यात काही सेकंद जातात आणि तोवर विंडोज ताटकळतं. माउस हलतो, पण फोल्डर उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, पण प्रत्यक्षात वाचलं जातं अगदी थोडं. हे चित्र दिसलं तर ही नोंद दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५ (बदलून टाकलेले सेक्टर), सी५ (संशयास्पद सेक्टर) आणि सी६ (वाचता न आलेले सेक्टर) या ओळींचे कच्चे आकडे (‘रॉ व्हॅल्यूज’) बघा. सी५ किंवा सी६ शून्य नसेल, किंवा ०५ वाढत चालला असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. अशा वेळी घाईने ‘चेकडिस्क’ हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवायला माझा ठाम विरोध आहे. खराब सेक्टर शोधायला लावलं की ते पूर्ण डिस्क पिंजून काढतं, आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढा ताण सोसेलच असं नाही. आकडे स्वच्छ दिसले म्हणूनही निर्धास्त राहू नका; काही डिस्क इशारा न देताच जातात. हँग होण्यामागे उष्णता किंवा रॅमही असू शकते, पण डेटा डिस्कवर असतो, म्हणून संशय आधी तिच्यावर.

‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ हा संदेश मात्र दोन्हीकडून येऊ शकतो. बायोस उघडून डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल तर सेल उतरल्याने बूटचा क्रम (विंडोज आधी कुठल्या डिस्कवर शोधायचं ते) किंवा साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) हे बायोसमधलं सेटिंग बदललं असण्याची शक्यता मोठी. नवा सेल घालून ते सेटिंग पूर्ववत करा. नाव दिसतच नसेल, तर मशीन बंद करून डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांना नीट बसवा किंवा दुसरी लावून बघा. तरीही दिसलं नाही, तर बहुधा डिस्क गेलेली आहे.