मंदिर असो वा चर्च, करसवलत आपोआप मिळत नाही: 12एबी आणि 80जीचे अर्ज कुठे अडतात

‘देवाच्या पैशाला कसला आलाय कर?’ असे म्हणणारे विश्वस्त नोटीस हातात पडली की गांगरतात. मंदिर, चर्च, दर्गा, विहार, सगळ्यांना आयकरात सवलत आहे. पण ती नोंदणी असलेल्यालाच. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी. संस्थेचे उत्पन्न करमुक्त करणारी 12एबी वेगळी. आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी 80जी तिसरीच. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले. तुमच्या हातातल्या आदेशावर जुनेच आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.)

सर्वांत जास्त घात तारखेने होतो. एका देवस्थानच्या कार्यालयात आदेश लॅमिनेट करून भिंतीला लावला होता. त्यावर ‘2022-23 ते 2026-27’. अध्यक्षकाकांनी 2027 वर बोट ठेवून सांगितले, ‘अजून वेळ आहे.’ नव्हता. ते करनिर्धारण वर्ष आहे, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष. 2026-27 म्हणजे 31 मार्च 2026 ला मुदत संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे 30 सप्टेंबर 2025 पर्यंत करायचा होता. आदेशावर साधी तारीख छापायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेले नाही. मुदत चुकली असेल तर गप्प बसू नका. 1 ऑक्टोबर 2024 पासून सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना मिळाला आहे. विश्वस्तांचे आजारपण, निधन, जे खरे असेल ते कागदांसह मांडा. नोंदणी निसटली तर प्रकरण वर्षाच्या उत्पन्नावर थांबत नाही. मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरेल त्यावर सर्वोच्च दराने कर लागू शकतो.

दुसरी अडचण ट्रस्ट डीडची, म्हणजे संस्थेच्या स्थापनापत्राची. शंभर वर्षांच्या मंदिराला डीड कुठून असणार? लोक घाबरून आजच्या स्टॅम्प पेपरवर नवे डीड करतात आणि मग ‘संस्था नेमकी कधीची?’ या प्रश्नात अडकतात. असे करू नका. डीड नसेल तर संस्थेच्या स्थापनेचा पुरावा देणारा दुसरा कागद नियमाला चालतो. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा (पीटीआर), ताजा उतारा आणि संस्थेच्या कारभाराची मंजूर योजना असेल तर तिची नक्कल घ्या. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतील तर आधी बदल अर्ज करा. तो वर्षानुवर्षे पडून राहतो, हे खरे आहे आणि ते संतापजनक आहे. निदान दाखल केल्याची पोच जोडा.

बाकी पॅन, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, कामाची टिपणी आणि डिजिटल सही, हे सीए करून देतात.

आता 80जी. जीर्णोद्धाराच्या पावत्यांवर ‘80जी सवलत’ छापून मोकळे होऊ नका. निव्वळ धार्मिक संस्थेला उत्पन्न करमुक्त मिळते, 80जी मिळत नाही. 80जी असलेल्या संस्थेने धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नसतो. अपवाद सरकारने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा. संस्थेच्या घटनेतला ‘समाजबांधवांच्या मुलांना वह्या-पुस्तके’ हा प्रेमाने लिहिलेला उद्देशही इथे आडवा येतो, कारण 80जी एका धर्माच्या किंवा जातीच्या भल्यासाठीच असलेल्या संस्थेला मिळत नाही. ‘गरजू मुलांना’ करायचे तर घटनादुरुस्ती रीतसर मंजूर करून घ्या. पेनाने खोडून नव्हे.

दानपेटीवरून सर्वांत मोठा वाद आहे. निनावी देणगीवर 30 टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक संस्था त्यातून सुटते. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही कामांची संस्थाही सुटते, मात्र शाळा किंवा रुग्णालयासाठी म्हणून टाकलेली रक्कम सोडून. शिर्डी संस्थानला आयकर विभागाने केवळ धर्मादाय ठरवून कर मागितला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थानच्या बाजूने निकाल दिला. फेब्रुवारी 2025 च्या नव्या आयकर विधेयकात मिश्र संस्थांची ही सूट गायब होती. संसदेच्या प्रवर समितीने आक्षेप घेतल्यावर ऑगस्टमधल्या सुधारित विधेयकात ती परत आली. धर्मस्थळांना सवलत असावीच का, हा प्रश्न रास्त आहे, त्यावर जरूर भांडावे. पण वाद रंगतो श्रीमंत संस्थानांवरून, आणि अर्ज फेटाळले जातात ते कारकून ठेवायची ऐपत नसलेल्या वाडीवरच्या मंदिराचे, कौलारू चॅपेलचे. म्हणून पेटी उघडताना दोन साक्षीदार, तारीख आणि मोजलेली रक्कम वहीत लिहा, त्याच आठवड्यात बँकेत भरा.

अर्ज टाकण्याआधी आयकर पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक बघा. शंका विचारणारी नोटीस तिथेच येते, आणि बऱ्याच संस्थांचा तो ईमेल काम सोडून गेलेल्या सीएचा असतो.