विसरू शकणारं जाळं

मेंदूचा एखादा भाग निकामी झाला, तरी पुष्कळदा त्याचं काम उरलेला मेंदू हळूहळू उचलतो. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत अभियंते पॉल बॅरन याच गोष्टीने झपाटले होते. अणुहल्ल्यात निम्मी केंद्रं गेली तरी निरोप पोचेल, असं संदेशवहनाचं जाळं त्यांना हवं होतं. त्यासाठी ते वॉरन मॅकलॉक यांच्याशी बोलले. वॉल्टर पिट्स यांच्यासोबत १९४३ साली चेतापेशीचं गणिती प्रारूप मांडलं ते याच मॅकलॉक यांनी.

बॅरन यांची १९६४ सालची युक्ती जवळून बघावी अशी आहे. प्रत्येक निरोपावर तो किती टप्पे पार करून आला, याचा आकडा असतो. समजा, 'क' या केंद्राकडून निघालेले निरोप पूर्वेच्या तारेवरून ३ टप्प्यांत येतात आणि उत्तरेच्या तारेवरून ७. तर 'क'साठीचा निरोप पूर्वेकडे सोडायचा. सगळ्या जाळ्याचा नकाशा कुणाकडेच नाही! शिवाय जुनं शिकलेलं विसरायची सोयही त्यात होती, कारण तुटलेली तार कधीकाळी चांगली होती ही आठवण घातक ठरते. माझ्या मते सगळी मेख या विसरण्यात आहे.

ती मुंग्यांनी फार स्पष्ट दाखवली. ज्याँ-लुई दनबूर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन पूल ठेवले, एक लांबचा आणि एक जवळचा. मुंग्या चालताना वाटेवर गंध सोडतात; जवळच्या पुलावर हा गंधाचा माग लवकर दाट झाला आणि बहुतेक मुंग्या तिकडे वळल्या. पण आधी फक्त लांबचा पूल ठेवून जवळचा अर्ध्या तासाने उघडला, तेव्हा त्या लांबच्याच वाटेवर अडकून राहिल्या. तिथला गंध पुरेसा विरलाच नव्हता. संगणकतज्ज्ञ मार्को दोरिगो यांनी १९९२च्या प्रबंधात मुंग्यांची ही रीत संगणकात आणली, पण गंध झपाट्याने उडून जाईल अशी तजवीज करून. १९९६मध्ये टेलिफोनच्या जाळ्यावर आणि १९९८मध्ये जानी दी कारो व दोरिगो यांच्या संगणकांच्या जाळ्यासाठीच्या 'अँटनेट'मध्ये अशा कृत्रिम मुंग्या वाटा शोधू लागल्या.

२०१५ साली संगणकशास्त्रज्ञ साकेत नवलखा आणि सहकारी पुन्हा मेंदूकडे वळले. उंदराच्या वाढत्या मेंदूत आधी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. मग त्या तोडल्या जातात, सुरुवातीला भराभर आणि नंतर सावकाश. हाच क्रम संगणकातल्या जाळ्याला लावला, तेव्हा ते एकाच वेगाने छाटलेल्या जाळ्यापेक्षा कार्यक्षमही निघालं आणि टिकाऊही.